नाव गावाला, बिऱ्हाड कोपरखैरण्यात

आमच्याकडे नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे या पट्ट्यात कोणालाही विचारा, मतदान कुठं करता? दहातले निम्मे तरी म्हणतील, गावाला. माणूस इथं पंचवीस-तीस वर्षं राहतोय, पोरं इथल्याच शाळेत शिकली, रेशन इथलं, लाईट बिल इथलं, रूमवर कर्ज काढून वर एक मजला चढवलाय, आणि नाव मात्र पाटणला. नाहीतर जावळीला, जुन्नरला, संगमनेरला, महाडला. ग्रामपंचायतीचं इलेक्शन लागलं की आदल्या रात्री सेक्टरच्या कोपऱ्यावर गाड्या लागतात, जाण्यायेण्याचा खर्च पॅनलचा, वाटेत चहा-नाश्ता, सकाळी मतदान, आणि दुसऱ्या दिवशी माणूस परत कामावर हजर. लहानपणापासून मी हे बघत आलेय आणि त्यातला जिव्हाळा मला कळतो. पण हल्ली याचा विचार केला की जीव खालीवर होतो, कारण याची किंमत इथं कोण मोजतंय ते आता स्पष्ट दिसतं.

माझे वडील माथाडी. कांदा-बटाटा मार्केटात गोण्या उचलून त्यांनी आमचं सगळं केलं, माथाडी वसाहतीतली छोटी खोली घेतली, आम्हा भावंडांना शिकवलं. त्यांचं नाव कित्येक वर्षं गावच्याच यादीत होतं. कधी विषय काढला की म्हणायचे, "नाव काढलं की गाव तुटलं गं." त्यांचं म्हणणं एकदम खोटं नव्हतं. गावात पाच-सातशे मतांचं सगळं राजकारण, एका वॉर्डात दोन-चार मतांवर माणूस पडतो, त्यामुळे मुंबईवाल्यांना तिथं मान. फोन येतो, विचारपूस होते, जत्रेला बोलावणं येतं. इथं शहरात कोण विचारतंय? आणि त्याच्या जोडीला भीती असते, तिथलं नाव गेलं तर सातबाऱ्यावरचं पण जाईल का, भाऊबंद उद्या म्हणतील का की तुझा आता इथं काय संबंध.

ही भीती मी इतक्या घरांत ऐकलीय की आता उत्तर तोंडपाठ झालंय. मतदार यादी निवडणूक आयोगाची, सातबारा महसूल खात्याचा, या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. जमीन, घर, वारसा हक्क, जातीचा दाखला, यातलं काहीही मतदार यादीतलं नाव हलवल्यानं हलत नाही. उलट कायदा काय म्हणतो बघा, १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १९, माणूस जिथं सर्वसाधारणपणे राहतो तिथं त्याचं नाव. आणि कलम २० मध्ये सरळ लिहिलंय की एखाद्या ठिकाणी नुसतं घर मालकीचं आहे म्हणून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. तसंच, थोडे दिवस बाहेर गेलात म्हणून रहिवास जातही नाही, म्हणजे गणपतीला आणि मे महिन्यात गावाला जाऊन राहिलात तरी तुम्ही कोपरखैरण्याचेच. मी हे वडलांना समजावलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मंग हितलं नाव कुटं घालायचं?" एवढंच पाहिजे होतं.

आता इथं काय होतं ते सांगते, कारण ते मी दारात उभं राहून बघितलंय. इलेक्शनच्या आधी कार्यकर्ते स्लिपा वाटायला येतात ना, त्यांच्या हातात छापील यादी असते, फोटोवाली. घर क्रमांक, नाव, वय. पेनानं टिक करत करत ते लाईनीनं चालतात. ज्या खोलीतली चार नावं यादीत आहेत तिथं थांबतात, बोलतात, "काकू, पाण्याचं काय म्हणताय, लक्ष आहे आमचं." ज्या खोलीतलं एकही नाव यादीत नाही त्या दारासमोरून पुढं जातात. मुद्दाम अपमान करायचा असतो असं नाही, वेळ कमी आणि घरं जास्त, यादीत नाही तिथं कशाला थांबतील? आमच्या लाईनीत तळमजल्याच्या ज्या खोल्यांत जोरदार पावसात गटाराचं पाणी शिरतं, त्यातल्या बऱ्याच खोल्यांची नावं गावाला. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त बोलायचंय त्यांच्याच दारावर कोणी टकटक करत नाही. हे बघितल्यावर मला घरात बसवेना.

आणि महापालिकेचं तर आपण काय काय भोगलंय. नवी मुंबईत २०१५ ला निवडणूक झाली, २०२० च्या मे महिन्यात मुदत संपली, आणि पुढचं मतदान थेट जानेवारी २०२६ ला. मधली साडेपाच वर्षं प्रशासक. ठाण्यातही २०१७ नंतर थेट तेव्हाच. इतकी वर्षं वॉर्डात हक्कानं जाब विचारायला माणूस नाही, आणि इतक्या वर्षांनी मतदान आलं तेव्हा कितीतरी जण म्हणाले, माझं नाव नाहीये इथं, मी कुठं जाऊ. खूप लोकांना हे माहीतच नसतं की महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो पण मतदार यादी त्याची स्वतःची नसते. विधानसभेची जी यादी भारत निवडणूक आयोग बनवतो तीच एका ठरलेल्या तारखेची उचलतात आणि प्रभागाप्रमाणे फोडतात. विधानसभेच्या यादीत त्या तारखेपर्यंत तुमचं नाव नसेल तर प्रभागाच्या यादीत ते नव्यानं येणार नाही, मग तुम्ही वॉर्ड ऑफिसात कितीही चकरा मारा. गावाकडची ग्रामपंचायत, झेडपी यांचंही तसंच, मूळ सगळं त्या एका यादीत.

मताला किंमत काय असं विचारणाऱ्यांना मी लांबचं उदाहरण देत नाही. २०२४ च्या विधानसभेला आपल्याच बेलापूर मतदारसंघात निकाल ३७७ मतांनी लागला. त्याच वर्षी लोकसभेला खाडीपलीकडे मुंबई उत्तर पश्चिममध्ये ४८ मतांनी. कोण जिंकलं कोण हरलं हे बाजूला ठेवा, माझा मुद्दा तो नाहीच. ३७७ म्हणजे नेरुळच्या दोन-तीन मोठ्या सोसायट्या. आमच्या माथाडी वसाहतीत गावाला नाव असलेली माणसं मोजायला घेतली तर चार-पाच गल्ल्यांत तेवढी भरतील, हा माझा अंदाज आहे पण चुकीचा असेल असं वाटत नाही. ठाणे लोकसभेला २०२४ ला मतदान ५२ टक्क्यांच्या आसपास झालं आणि सगळे ओरडले की शहरी लोक आळशी, सुट्टी घेऊन फिरायला जातात. असतील तसे काही. पण ज्यांची नावं इथं असायला पाहिजेत आणि यादीतच नाहीत ती माणसं त्या टक्केवारीत धरलीच जात नाहीत, ते तर हिशोबाच्याही बाहेर. मला त्यांची जास्त काळजी वाटते.

तर आम्ही काही जण रविवारी वसाहतीच्या मैदानाशेजारी टेबल टाकून बसतो. सोबत एक निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो, त्यांनी स्वतः बरीच वर्षं बीएलओचं, म्हणजे घरोघर जाऊन मतदार यादी तपासायचं काम केलेलं. लोक येतात ते एकच म्हणत, "नवीन नाव घालायचंय." आणि इथंच गुरुजी पहिला प्रश्न विचारतात, आधी कुठं होतं का? कारण फॉर्म ६ हा फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्याचा. ज्याचं नाव आधीच गावाला आहे त्यानं फॉर्म ८ भरायचा, स्थलांतराचा. २०२२ पासून मतदारसंघ बदलला तरी फॉर्म ८ च. त्यात जुना ओळखपत्र क्रमांक टाकला की नाव इकडं येतं, तिकडचं निघतं, कार्डाचा नंबर तोच राहतो. तहसीलला जाऊन आधी नाव कट करून या असं काही नाही, आणि हे ऐकल्यावर लोकांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसतं, कारण बरेच जण "गावाला गेलो की काढून आणतो" असं म्हणत वर्षानुवर्षं थांबलेले असतात. काही जण हुशारी करून दोन्हीकडं नाव ठेवतात. तसं करू नका हो. दोन मतदारसंघांत नाव ठेवायला कायद्यानं मनाई आहे, आणि फॉर्म ६ भरताना माझं नाव दुसरीकडं नाही असं खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शिवाय दुबार नावांमुळे यादीवरचाच विश्वास उडतो, आणि एकदा यादीवरचा विश्वास उडाला की निकालावरचा कसा राहणार.

टेबलावर सगळ्यात जास्त वेळ बायकांच्या फॉर्मला जातो. लग्न होऊन आलेली, माहेरी नाव होतं ते तिथंच राहिलं किंवा कधी घातलंच नाही. नवऱ्याचा फॉर्म भरून झाला की विचारते, वहिनी तुमचा? "ह्यांचं झालं ना, माझं कशाला?" असं म्हणून ती पिशवी उचलायला लागते. परवा एक ताई अशाच उठल्या होत्या, चाळिशीच्या असतील, वाशीत चार घरी पोळ्यांची कामं करतात. गुरुजींनी त्यांना बसवलं आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीची गोष्ट सांगितली. तेव्हा सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. घरोघर याद्या करायला गेलेल्या लोकांना कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच लिहा म्हणाल्या. सेन यांनी ठरवलं की असं चालणार नाही, मतदार म्हणजे तिचं स्वतःचं नाव पाहिजे. आठेक कोटी स्त्री मतदारांपैकी सुमारे २८ लाख बायकांची नावं त्यामुळे यादीतून गेली, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत. तेव्हा आरडाओरड झाली असणार, पण तो माणूस बरोबर होता असं मला ठामपणे वाटतं. त्या एका निवडणुकीपुरतं नुकसान झालं, पण बाई यादीत येणार ती स्वतःच्या नावानं हे कायमचं ठरलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, परत बसल्या, आणि नाव विचारल्यावर माहेरचं नाव सांगू का सासरचं असं विचारलं. आधारवर जे आहे ते, म्हटलं. मग मोबाईलवर ओटीपी आला तो त्यांनी स्वतः एकेक आकडा वाचून सांगितला. मोबाईल त्यांचा स्वतःचा होता, पोळ्यांच्या पैशातून घेतलेला, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

भाड्यानं राहणाऱ्यांचं वेगळंच. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट, दरवर्षी खोली बदल, आज ऐरोली, उद्या रबाळे, परवा दिघा. त्यांना वाटतं मालकाची परवानगी लागते. नाही लागत. रजिस्टर्ड अॅग्रीमेंट चालतं, गॅस-लाईट-पाण्याचं बिल चालतं, बँक पासबुक चालतं, आधारवरचा पत्ता बदललेला असेल तर तोही चालतो. आणि यातलं काहीच नसेल तर बीएलओ येऊन खात्री करतो. फूटपाथवर राहणाऱ्या माणसासाठीसुद्धा आयोगाची पद्धत ठरलेली आहे, फॉर्ममध्ये जी जागा लिहिली असेल तिथं बीएलओनं रात्री जायचं, तेही एकापेक्षा जास्त रात्री, आणि माणूस खरंच तिथं झोपतो का बघायचं. झोपत असेल तर पत्त्याचा कागद लागत नाही. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याच्यासाठी देशानं एवढा विचार करून ठेवलाय, आणि आपण पक्क्या घरात बसून म्हणतो, कोण एवढी कटकट करणार.

हे काही आजचं नाही. स्वातंत्र्याच्या आधी मताचा अधिकार मालमत्ता, कर, शिक्षण बघून मूठभरांनाच होता. बाबासाहेबांनी १९१९ ला साउथबरो कमिटीपुढं मताधिकाराबद्दल साक्ष दिली आणि १९२८ ला सायमन कमिशनपुढं सगळ्या प्रौढांना मत पाहिजे ही मागणी केली. पुढं १९४८ ला पहिली यादी बनवायला घेतली तेव्हा फाळणीत घरदार सोडून आलेली लाखो माणसं कॅम्पात होती, आपल्या शेजारच्या कल्याण कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, सिंधहून आलेली माणसं होतीच. ठराविक दिवस राहिल्याचा पुरावा ती कुठून देणार? तेव्हा ठरलं की मी इथंच कायम राहणार आहे असं त्यांनी लिहून दिलं तरी मसुदा यादीत नाव घ्यायचं. संविधान अजून लागू व्हायचं होतं बरं का, आणि यादी आधी तयार होत होती. पहिल्या निवडणुकीला १७ कोटींवर मतदार भरले, त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. माझ्या आजीच्या पिढीतली ही माणसं. ती रांगेत उभी राहिली.

आमच्या नवी मुंबईची अजून एक गंमत अशी की इथं माणूस हललेला कळतच नाही. वाशीतून कोपरखैरण्यात आलात, रिक्षानं पाच-दहा मिनिटं, पण विधानसभा बदलली, बेलापूरची ऐरोली झाली. बेलापूरवरून खारघरला फ्लॅट घेतला, लोकलनं एक स्टेशन, तर विधानसभा पनवेल, लोकसभा ठाण्याची मावळ, आणि जिल्हासुद्धा रायगड. ठाण्यातून पूल ओलांडून कळव्याला गेलात तर मुंब्रा-कळवा आणि लोकसभा थेट कल्याण. माणूस म्हणतो मी तर इथंच आहे, आणि नाव जुन्या पत्त्यावर पडून राहतं. मग कधीतरी बीएलओ जुन्या घरी जातो, शेजारी सांगतात सोडून गेले, यादीत स्थलांतरित अशी नोंद होते आणि नाव निघायच्या वाटेला लागतं. घोडबंदर रोडच्या टॉवरांत तर बीएलओला आत सोडतच नाहीत. ती बिचारी अंगणवाडीताई नाहीतर महापालिकेची शिक्षिका, आपलं काम सांभाळून उन्हात फिरतेय, गेटवर नाव लिहितेय, वरून अॅपवर नकार येतो. अशा ताईला पाणी विचारा, पंख्याखाली बसवा आणि चेअरमनला सांगून सगळ्या मजल्यांवर नेऊन आणा, एवढं प्रत्येक सोसायटीनं करायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मतदानाच्या दिवशीचं ते दृश्य, ज्यानं बघितलंय त्याला विसरता येत नाही. शाळेच्या गेटबाहेर टेबल, छत्री, यादी चाळणारा पोरगा, आणि समोर एक सत्तरीच्या काकू, ठेवणीतलं पातळ नेसून आलेल्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं ओळखपत्र. पोरगा तीनदा शोधतो, आडनावानं, घर नंबरनं, कार्डाच्या नंबरनं. नाहीये. काकूंना कळतच नाही, कार्ड तर आहे ना माझ्याकडं? कार्ड असतं, पण यादीत नाव नसेल तर मतदान करता येत नाही, १९५१ च्या कायद्याचं कलम ६२ तसं सांगतं, आणि याच्या उलट नाव यादीत असेल आणि कार्ड हरवलं असेल तर आधार, पॅन, पासपोर्ट असं काहीतरी दाखवून मत देता येतं. म्हणजे खरी गोष्ट यादी. त्या दिवशी त्या काकूंसाठी कोणीच काही करू शकत नव्हतं, कारण उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद, आणि आपला अर्ज त्याच्याही बरेच दिवस आधी जायला लागतो. त्यामुळे मी लोकांच्या मागेच लागते की दरवर्षी एकदा तरी नाव तपासा, निवडणूक असो नसो. १९५० या हेल्पलाईन नंबरवर फोन लावा, नाहीतर आयोगाच्या पोर्टलवर शोधा, दोन मिनिटांचं काम. घरातल्या म्हाताऱ्यांचं आधी शोधा.

पोरांचं सोपं झालंय आता. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख असायची, तिच्यानंतर अठरा पूर्ण केले तर वर्षभर थांबा. आता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार तारखा, आणि सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करून ठेवता येतो. आमच्या लाईनीतली एक अकरावीतून बारावीत गेलेली पोरगी असाच अर्ज करून गेली आणि दुसऱ्या रविवारपासून आमच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागली, मराठी टायपिंग आमच्यापेक्षा फास्ट.

वडलांचं नाव इकडं आलं तेव्हा गावाहून फोन आला होता. चुलतकाका, पॅनलमधले. जरा घुश्श्यातच, "दादा, नाव काढलंस म्हनं?" वडील म्हणाले, "व्हय, काढलं. तितं ऱ्हातोस तू, रस्ता तुला पायजे, तूच ठरव सरपंच कोन." बराच वेळ बोलणं झालं, शेवटी काकांचा आवाज उतरला, आणि मग फोन माझ्याकडं द्यायला सांगितला. त्यांचा मुलगा सहा वर्षं झाली कळंबोलीत असतो, ट्रान्सपोर्टमध्ये, बायको-पोरं तिथंच, पाण्याचे टँकर विकत घेतात. "त्याचं बी तिकडंच झालं पायजे का गं?" असं विचारत होते. म्हटलं, काका, त्याचा पनवेल मतदारसंघ येईल, फॉर्म ८ लागेल, वहिनीचाही वेगळा भरायचा, त्याला म्हणावं जुना कार्ड नंबर आणि लाईट बिल व्हॉट्सअॅप कर.